चालताना ध्यान: 'इनसाइट टायमर' आणि 'प्लम व्हिलेज' या ॲपमधली घंटा घ्या, निवेदन सोडा

ध्यानाच्या ॲपची परीक्षणं बहुतेक वेळा खोलीत, आसनावर बसून लिहिलेली असतात. इथे कसोटी एकच आहे. माणूस उघड्यावर चालतोय, पायाखाली खडी किंवा मुरूम आहे, शेजारून स्कूटर जाते, आणि अशा वेळी लक्ष पावलांवर आणि भोवतालावर ठेवायला ॲप किती मदत करतं? झोपेसाठीच्या गोष्टी, श्वासाचे कोर्स, लाइव्ह सत्रं या गोष्टी मोजणीत घेतलेल्या नाहीत.

निकाल आधीच सांगून टाकतो. 'इनसाइट टायमर'मधला फुकट टायमर या कामाला उत्तम आहे. त्याच ॲपमधली चालण्याची निवेदनं (चालताना काय करायचं ते सांगणाऱ्या ध्वनिफिती) पहिल्या तीन-चार वेळांपुरती ठीक. 'प्लम व्हिलेज'चं ॲप निवेदनात सरस आहे आणि पूर्ण फुकट आहे, पण तेही कानात घालून टेकडी चढण्यासाठी नव्हे.

चालताना मन भरकटतं ते कळत नकळत. ऑफिसचा विचार सुरू होतो आणि पाचशे पावलं संपलेली असतात. तेव्हा साधनाकडून अपेक्षा एवढीच, की अधूनमधून त्याने एकदा वाजावं आणि मग गप्प बसावं. पडदा बघायला लावू नये, दचकवू नये, आणि दुसरं काही सोबत आणू नये. गंमत म्हणजे ही शेवटची अट बहुतेक ॲप पाळत नाहीत.

इनसाइट टायमर: मांडणी कशी करायची

ॲप उघडलं की समोर कोर्स, शिक्षक आणि शिफारशींची गर्दी येते. टायमर शोधून काढावा लागतो. एकदा सापडला की त्यात सुरुवातीची घंटा, शेवटची घंटा, मधल्या घंटा, तयारीचा वेळ आणि पार्श्वध्वनी असं सगळं हवं तसं लावता येतं आणि ती रचना नाव देऊन साठवता येते. हे नक्की करा, नाहीतर रोज टेकडीच्या पायथ्याशी उभं राहून बटणं दाबत बसाल.

वीस मिनिटांच्या चालण्यासाठी ही मांडणी जमते: तयारीचा वेळ एक मिनिट, म्हणजे फोन खिशात जाऊन हात मोकळे होतात. मधली घंटा दर चार मिनिटांनी. पार्श्वध्वनी बंद, बाहेर खरे पक्षी असताना रेकॉर्ड केलेला झरा कशाला? दर मिनिटाला घंटा लावली तर मन पावलं सोडून घंटेची वाट बघायला लागतं. दहा मिनिटांचं अंतर ठेवलं तर भरकटणं इतकं लांबतं की घंटा झाली तरी तिचा अर्थ पटकन लागत नाही. तीन ते पाच मिनिटं हा मधला पट्टा बरा. चढावर तीन, सपाटीवर पाच.

घंटेचा सूर निवडताना सगळेच एक चूक करतात. घरात, शांत खोलीत सगळ्या घंटा वाजवून बघतात आणि सगळ्यात मोठ्या धातूच्या वाडग्याचा ('सिंगिंग बोल') खोल, लांब घुमणारा नाद पसंत करतात. फोनचा स्पीकर एवढासा असतो, त्याला खालचे सूर पेलत नाहीत. त्यात तो खिशातल्या कापडाखाली दबतो आणि रस्त्याच्या आवाजाचा मोठा भागही खालच्या सुरांचाच असतो. परिणाम: घंटा वाजते आणि ऐकूच येत नाही. बाहेरसाठी लहान, उंच सुराची, टणत्कार असलेली घंटा घ्या. फोन शर्टाच्या खिशात, स्पीकरची बाजू वर. पँटच्या खिशात मांडीच्या हालचालीने आवाज दबतो. कमरेच्या पाऊचमध्ये तर विसराच.

इअरफोनचा मोह टाळावा. मागून येणारी सायकल, कुत्र्याचं गुरगुरणं, पायाखाली सरकणारी खडी हे ऐकू येणं सुरक्षिततेचा भाग आहेच, शिवाय जे ऐकायला बाहेर आलात तेच बंद होतं. ऐकू कमी येत असेल तर एकाच कानात, तोही रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या.

आता बिघाड. अँड्रॉइडवर सर्वांत जास्त येणारी अडचण अशी, की पहिली घंटा वाजते आणि नंतर शांतता. ॲप मोडलेलं नसतं. पडदा बंद झाला की फोनची बॅटरी वाचवणारी यंत्रणा मागे चालणारी ॲप झोपवते, आणि काही कंपन्यांच्या फोनमध्ये ही यंत्रणा फारच कडक असते. उपाय: सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात इनसाइट टायमर, त्यात बॅटरी, आणि तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. 'ऑटोस्टार्ट' नावाचं वेगळं बटण असेल तर तेही चालू करा. मग घरीच, फोन विमान मोडवर टाकून, पडदा बंद करून, दर मिनिटाच्या घंटेने पाच मिनिटांची चाचणी घ्या. पाचही वाजल्या तर बाहेर पडा. याच चाचणीत सायलेंट मोडमध्ये घंटा ऐकू येते का तेही कळतं. ती बहुधा मीडियाच्या आवाजावर वाजते, रिंगच्या नव्हे, म्हणून आवाज वाढवताना नेमकी पट्टी वाढवा.

विमान मोड चालतानाही ठेवला तर मधे फोन येत नाही. मात्र एकटे आडवाटेला जात असाल तर फोन लागायला हवा. मग विमान मोडऐवजी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा आणि घरच्या दोन नंबरांना सूट द्या. तेवढं पुरतं.

या ॲपबद्दलची माझी खरी तक्रार वेगळी आहे. सत्र संपताच ते सलग किती दिवस झाले ते दाखवतं, तारे देतं, आणि या वेळी आणखी कोण कोण ध्यानाला बसलं होतं त्यांचे चेहरे पुढे करतं. वीस मिनिटं पावलांवर लक्ष ठेवून शेवटची घंटा झाली की हात आपसूक खिशात जातो आणि आकडा बघतो. चालणं संपल्यानंतरची दोन मिनिटं सर्वांत स्वच्छ असतात, ती यात जातात. सूचना बंद करता येतात, तेवढ्या कराच. आणि शेवटची घंटा लावूच नका असंही सुचवीन: टायमर तीस मिनिटांचा लावा आणि वीस मिनिटांची वाट चाला. घरी पोचल्यावर तो आपला संपेल.

निवेदनं

चालण्याची मार्गदर्शनं दोन्ही ॲपमध्ये इंग्रजीत भरपूर आहेत. मोठा भाग गवत, समुद्रकिनारा किंवा शांत जंगल गृहीत धरून बोलतो. शिक्षक संथपणे सांगत असतो की तळव्याखालचा मऊपणा अनुभवा, आणि तुम्ही कर्वे रस्त्याच्या कडेला फुटलेल्या पेव्हर ब्लॉकवर उभे असता. हा दोष त्या शिक्षकाचा नाही, पण उपयोग नाही हे खरं. दुसरी अडचण वेळेची. ध्वनिफितीचा वेग ठरलेला असतो, वाटेचा नसतो. 'आता पावलं हळू करा' हे वाक्य नेमकं रस्ता ओलांडताना येतं. इनसाइट टायमरच्या फुकट खात्यावर या फिती नेट असताना ऐकायच्या असतात. उतरवून ठेवण्याची सोय पैसे भरणाऱ्यांना आहे. टेकडीच्या मागच्या उतारावर रेंज गेली की वाक्य अर्ध्यावर तुटतं.

'प्लम व्हिलेज' हे ॲप फ्रान्समधल्या त्याच नावाच्या विहाराचं. तो विहार व्हिएतनामी भिक्खू तिक न्यात हान यांनी १९८२ मध्ये सुरू केला. २०२२ मध्ये ते गेले. त्यांच्या परंपरेत चालण्याला बसण्याइतकंच स्थान आहे आणि ते निवेदनांत दिसतं. सूचना थोड्या, मधली शांतता भरपूर. पद्धत अशी: चाल नेहमीची, जरा सैल. श्वास घेताना दोन किंवा तीन पावलं, सोडताना तेवढीच किंवा एखादं जास्त. ॲपमध्ये जाहिराती नाहीत, वर्गणी नाही, ठरावीक अंतराने वाजणारी घंटाही आहे. ती घंटा मुळात दिवसभराच्या कामात मधेच थांबवण्यासाठी आहे, चालण्याची वेळ मोजण्यासाठी नाही. त्यासाठी इनसाइट टायमरच बरा.

मराठीत काय? यूट्यूबवर ध्यानाची मराठी मार्गदर्शनं आहेत, पण बहुतेक बसून करायची. शिवाय पैसे न भरता वापरलं तर मधेच जाहिरात येते आणि पडदा बंद केला की आवाज बंद होतो. म्हणजे फोन हातात, पडदा चालू, डोळे अर्धे तिकडे. चालण्यासाठी ते बादच.

त्यापेक्षा स्वतःच्या आवाजात पंधरा मिनिटांची फीत करून घेणं सोपं आहे. रात्री, पंखा बंद करून (पंख्याची घरघर सगळी उतरते), फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डर सुरू करा आणि घड्याळ बघत इतकंच बोला. सुरुवातीला: 'उभे राहा. दोन्ही तळव्यांवर सारखं वजन आहे का?' एका मिनिटाने: 'चालायला लागा. टाच, चवडा, बोटं.' चौथ्या मिनिटाला: 'आत्ता लक्ष कुठे होतं?' सातव्याला: 'सगळ्यात लांबचा आवाज कोणता? सगळ्यात जवळचा?' दहाव्याला: 'वारा अंगाला कुठे लागतोय?' तेराव्याला: 'खांदे, जबडा, मुठी सैल.' पंधराव्याला: 'थांबा. फोन काढू नका.' मधे पूर्ण शांतता. ऐकताना ती फीत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर संपताच पुढचं गाणं जोरात सुरू होतं. स्वतःचा आवाज पहिल्या दिवशी विचित्र वाटतो, नंतर त्याच्याकडे लक्ष जात नाही.

ॲप जे सांगत नाही

दोन वेगवेगळ्या चाली आहेत आणि ॲपमधल्या फिती त्यांची सरमिसळ करतात. एक म्हणजे चंक्रमण: ठरावीक लांबीच्या सरळ पट्टीवर येरझाऱ्या. दुसरी म्हणजे मोकळी चाल, टेकडी किंवा बागेतली.

चंक्रमण जुनं आहे. बोधगयेला महाबोधी मंदिराच्या उत्तर बाजूला बुद्धांच्या चंक्रमणाची जागा आजही दगडी ओट्याने आणि कोरलेल्या कमळांनी दाखवलेली आहे. अंगुत्तर निकाय या पाली भाषेतल्या बौद्ध ग्रंथाच्या पंचक निपातात चंक्रमणाचे पाच फायदे मोजलेत: लांबचा प्रवास सोसतो, साधनेचे कष्ट झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं आणि चालताना लागलेली समाधी जास्त टिकते. पाचातले बहुतेक शरीराचे आहेत, हे मला फार आवडतं. म्यानमारचे भिक्खू महासी सयाडो यांच्या पद्धतीत पाऊल तुकड्यांत बघतात: उचललं, पुढे नेलं, टेकवलं. सराव वाढेल तसे तुकडे वाढवून सहापर्यंत नेतात.

यासाठी पंचवीस ते तीस पावलांची पट्टी लागते, साधारण पंधरा ते अठरा मीटर. सोसायटीची गच्ची किंवा पार्किंगमधली मोकळी ओळ पुरते. एका पावलाला चार सेकंद धरले तर तीस पावलांना दोन मिनिटं. टोकाला थांबा, उभं राहिल्याची जाणीव घ्या, तीन-चार लहान पावलांत वळा, पुन्हा थांबा, निघा. वीस मिनिटांत आठ-नऊ फेऱ्या होतात. पट्टी फार छोटी असेल तर वळणंच जास्त होतात आणि गरगरतं.

इथे सगळ्यांनाच येणारा त्रास म्हणजे तोल जाणं. त्यात वयाचा दोष नाही. हळू चालताना एका पायावर उभं राहण्याचा वेळ वाढतो आणि शरीराला त्याची सवय नसते. पावलं एकामागे एक एकाच रेषेत टाकू नका. रेल्वेच्या रुळांसारख्या दोन समांतर रेषांवर टाका, पाऊल आखूड करा, तरी डगमगलात तर वेग वाढवा. नजर दोन-तीन मीटर पुढे जमिनीवर असू द्या, स्वतःच्या पायांवर नको. तसं केलं की वीस मिनिटांत मान धरते. आणि हे भर रस्त्यावर करू नये. अतिशय हळू, खाली बघत चालणारा माणूस कुत्र्यांना आणि वॉचमनला सारखाच संशयास्पद वाटतो.

मोकळ्या चालीत पावलाचे तुकडे पाडायचे नाहीत. नेहमीपेक्षा थोडं हळू, तळवे टेकण्याची जाणीव, आणि बाकी कान उघडे. नजर चार-पाच मीटर पुढे. श्वास आणि पावलं जुळवताना मोजणी श्वासामागे धावली पाहिजे. उलट केलं, म्हणजे ठरवून मोठे श्वास ओढत राहिलात, तर शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. तसं झालं की मोजणं सोडा. चढावर तीन-तीन जमत नाही, दोन-दोन करा किंवा काहीच करू नका. श्वासावर लक्ष गेलं की ज्यांची धडधड वाढते त्यांनी श्वास पूर्ण वगळावा. तळवे आणि आवाज यांवर काम भागतं.

जागेचा फरक ॲपच्या फरकापेक्षा मोठा आहे. पुण्यात वेताळ टेकडीचं माथ्यावरचं पठार या कामाला छान, कारण चढ संपलेला असतो आणि वाट रुंद आहे. उतारावर मात्र सुट्या मुरमाचा घसारा आहे, तिथे सजगता वगैरे बाजूला ठेवून नीट पाय ठेवणं एवढंच काम. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ धरतं. घंटा लावलेली असली तरी तेवढ्या भागात तिच्याकडे दुर्लक्ष करा. मुंबईत शिवाजी पार्कचा फेरा साधारण १.२ किलोमीटरचा. सपाट आहे, संध्याकाळी गजबज असते, म्हणून पहाटे. पक्ष्यांसाठी सकाळी सहा ते आठ, उन्हाळ्यात त्याहून आधी.

जाड फोमच्या तळाचे धावण्याचे बूट पायाखालचं काही कळू देत नाहीत. पातळ तळाचे कॅनव्हासचे बूट यासाठी सरस, पण घसाऱ्यावर त्यांना पकड नसते. अनवाणी चालणं गच्चीवर किंवा हिरवळीवर ठीक. टेकडीवर बाभळीचे काटे आणि फुटलेल्या काचा असतात, आणि मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी कुठेच अनवाणी चालू नये, कारण जखम कळतच नाही.

फोन न्यायचाच नसेल तर? साधं डिजिटल घड्याळ, ज्यात तासाचा टोल वाजतो, तेही चालतं. कॅसिओचं एफ-९१ डब्ल्यू त्यातलंच, पण त्यात उलट मोजणारा टायमर नाही, आणि तासातून एक टोल फार विरळ. मनगटावर थरथरणारा फिटनेस बँड हा उत्तम तडजोडीचा मार्ग आहे: ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा थरथरणारा टायमर त्यात आहे का, एवढं घेण्याआधी विचारा. फोनमधल्या घड्याळाचा टायमर बहुधा एकदाच वाजतो आणि दर वेळी हाताने सुरू करावा लागतो, म्हणून तो निरुपयोगी. वाटेवरची खूणही घंटेचं काम करते. विजेचा प्रत्येक खांब, प्रत्येक बाक, प्रत्येक वळण. तिथे पोचलो की लक्ष पायात. महिनाभराच्या सरावानंतर बहुतेकांना हेच जास्त आवडतं आणि ॲप फोनमध्ये पडून राहतं. ती ॲपची हार समजू नये.

गुण द्यायचेच तर, फक्त चालण्यासाठी: इनसाइट टायमरचा टायमर पाचपैकी साडेचार, त्याचं बाकी ॲप दोन. प्लम व्हिलेज साडेतीन, मराठी असतं तर चार.

इनसाइट टायमरला पैसे भरावेत का? चालण्यासाठी नाही. सशुल्क सदस्यत्वात जे मिळतं (उतरवलेल्या फिती, कोर्स) त्यातलं काहीच घंटेला लागत नाही. फुकट चाचणी काळ घेतलाच, तर संपायच्या तारखेआधी दोन दिवसांचा गजर लावून ठेवा. ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या खात्याच्या चित्रावर टिचकी मारून 'पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्स'मध्ये, किंवा आयफोनवर सेटिंग्जमधल्या आपल्या नावाखाली 'सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन ती रद्द करावी लागते.